बर्फावरचं तळं दीड तासात रिकामं झालं. पाणी गेलं कुठं?

व्हॉल्व्हमन (ठाणे)

मंडळी, हा धागा विज्ञानात टाकावा की पर्यावरणात, ते कळेना. प्रशासकांनी हवा तिकडे हलवावा.

ग्रीनलँडच्या बर्फावर उन्हाळ्यात निळीशार तळी साठतात, हे फोटोंत आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यातलं एक तळं २९ जुलै २००६ रोजी साधारण दीड तासात रिकामं झालं. साडेपाच चौरस किलोमीटर पसारा आणि ४.४ कोटी घनमीटर पाणी, म्हणजे आमच्या हिशेबात दीड टीएमसी. सरासरी विसर्गच सेकंदाला ८,७०० घनमीटर होता. क्युसेकमध्ये तीन लाखांच्या वर. कोयनेचा विसर्ग लाखाकडे सरकला की सांगलीकर सामान माळ्यावर चढवतात, यावरून काय ते समजा.

हयात पाणीपुरवठ्यात गेली. पाणी कधी गायब होत नाही. गळती असते, चोरी असते, नाहीतर मीटर खोटं बोलत असतं. तळ्याखाली ९८० मीटर जाडीचा बर्फ होता म्हणे. मग एवढं पाणी शिरलं कुठून आणि पुढे गेलं कुठं?

दुसरी शंका याच पोटातली. ‘अमुक अब्ज टन बर्फ वितळला’ अशी बातमी येते, तेव्हा ते सगळं समुद्राला मिळालं असं धरतात का? धरणातून सोडलेलं आणि नळाला आलेलं पाणी कधीच जुळत नाही. तिकडे जुळतं?

जाणकारांनी समजावून सांगावं. नुसत्या लिंका नकोत.

ऐरोली_लोकल

वाचतोय. खिडकीत जागा धरली आहे.

निळं_बर्फ (नेरुळ)

काका, धागा काढलात ते बरं केलंत. माझं काम उपग्रहांच्या रडार चित्रांवर असतं, त्यामुळे हा विषय रोजच्या पोटापाण्याचा आहे. तळ्यापासून सुरू करते.

बर्फात भेगा असतातच. रिकामी भेग थोडी खोल गेली की थांबते, कारण खालचा बर्फ स्वतःच्या वजनाने तिला आवळून बंद करतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या भेगेचं तसं होत नाही. पाण्याची घनता घनमीटरला १,००० किलो आणि बर्फाची ९१७, म्हणजे पाणी बर्फापेक्षा नऊ टक्के जड. जितकं खोल जावं तितका पाण्याचा बाहेर रेटणारा दाब बर्फाच्या आवळण्यापेक्षा जास्त भरतो. वरून पाणी मिळत राहिलं तर भेग थेट खडकापर्यंत उतरते. वीर्टमन या शास्त्रज्ञांनी हे गणित १९७३च्या सुमारासच मांडलं होतं. २००६मध्ये ते एका किलोमीटर जाडीच्या बर्फात होताना मोजता आलं, कारण तळ्याच्या काठावर जीपीएस आणि भूकंपमापक आधीच बसवलेले होते.

पाणी तळाशी पोचल्यावर तळ्याच्या काठचा बर्फ १.२ मीटर वर उचलला गेला आणि पुन्हा खाली बसला. एक किलोमीटर जाडीचा बर्फ! पाणी खाली गेलं याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही. तिथून ते बर्फ आणि खडक यांच्या मधून पसरलं आणि कडेच्या दिशेने निघालं.

भेग नंतर बहुतेक मिटते, पण एखाद्या ठिकाणी उभं भोक उरतं. त्याला मूलां म्हणतात. मग उरलेला उन्हाळाभर बर्फावरचे ओढे तिथूनच खाली उतरत राहतात.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही, सगळं समुद्रात जात नाही. खरी गंमत तिथेच आहे, पण आता लोकल पकडायची आहे. रात्री लिहिते.

खारघर_टेकडी

हे काही पटत नाही बुवा. आतला बर्फ उणे दहा, उणे वीस असणार. त्यात शून्य अंशाचं पाणी ओतलं तर जागच्या जागी थिजणार नाही का? समुद्राबिमुद्राची बातच सोडा.

व्हॉल्व्हमन (ठाणे)

शंका रास्त आहे. माझ्याही डोक्यात होती.

निळं_बर्फ (नेरुळ)

खारघरकर, थिजतंच. ग्रीनलँडच्या उंचावरच्या भागात बरंचसं पाणी पहिल्या काही मीटरांतच पुन्हा गोठतं. वितळलेल्या टनांचा आणि समुद्रात गेलेल्या टनांचा आकडा जुळत नाही, त्याचं हे पहिलं कारण.

पण गोठताना ते गप्प बसत नाही. एक ग्रॅम पाणी गोठलं की ८० कॅलरी उष्णता सोडतं. बर्फाला एक अंश तापायला ग्रॅममागे अर्धी कॅलरी पुरते. म्हणजे एक ग्रॅम पाणी गोठून १६० ग्रॅम बर्फ एका अंशाने गरम करतं. वर्षानुवर्षं हे चाललं की आतला थर शून्याला येऊन टेकतो. मग त्यानंतर उतरलेलं पाणी कशाच्या जोरावर गोठणार? थंडी संपलेली असते.

आता साठवणीकडे येते. पडलेला भुसभुशीत हिम आणि घट्ट बर्फ यांच्यामध्ये एक अवस्था असते, तिला फर्न म्हणतात. काही दशकांचा दबलेला हिम, कणाकणांत हवेची जागा, आणि त्या जागा एकमेकींना जोडलेल्या. घनता ८३०च्या आसपास गेली की त्या बंद होतात आणि मग तो बर्फ. ग्रीनलँडच्या आतल्या भागात फर्नचा थर कित्येक दहा मीटर जाड असतो. वितळलेलं पाणी आधी त्यात मुरतं.

काळाखट्टा

तलावपाळीवरचा बर्फाचा गोळा! सरबत ओतलं की गोळा आधी पितो आणि नंतर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ. 😋

बोअरवेलवाला (कळवा)

काळाखट्टा, मुरण्यापर्यंत ठीक आहे. पण गोळ्यात सरबत खाली येऊन काडीपाशी साठतं आणि दोन मिनिटांत खेळ खलास. ताई सांगताहेत तो थर दरवर्षी वरून नव्याने भरतो आणि खालून दाबला जातो.

मी भूजल सर्वेक्षणातला माणूस. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या झिजलेल्या खडकात आणि भेगांत. बाकी पाषाण कोरडा ठक्क, म्हणून एका सोसायटीत बोअरला धो धो आणि शेजारी धूळ. ताई, प्रश्न असा: फर्नमध्ये सलग भूजल पातळी असते का? आणि हिवाळ्यात तिचं काय होतं?

निळं_बर्फ (नेरुळ)

बोअरवेलवाले दादा, असते. आणि ती सापडली तुमच्याच पद्धतीने, भोक पाडून.

एप्रिल २०११. आग्नेय ग्रीनलँड. युटा विद्यापीठाचे रिक फॉर्स्टर आणि त्यांचे सहकारी हिमवृष्टी किती होते ते मोजायला बर्फाचे गाभे (ड्रिलने कापलेली उभी नळकांडी) काढत होते. वितळायचा मोसम सुरू व्हायला अजून अवकाश, हवा उणे पंधराच्या घरात. साधारण दहा मीटरवरून गाभा वर काढला तर त्यातून पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या जागी भोक पाडलं, तिथे पंचवीस मीटरवर तेच. त्यांचं ड्रिल कोरड्या बर्फाचं होतं, पाण्यात चालणारं नव्हतं, त्यामुळे काम थांबवावं लागलं. अख्खा ध्रुवीय हिवाळा सरला होता आणि खाली पाणी पाणीच होतं.

कारण ऐकलं की सोपं वाटतं. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वितळणंही भरपूर आणि हिवाळ्यात हिमवृष्टीही प्रचंड. पाणी मुरलं की वर लगेच काही मीटर नवा हिम पडतो आणि थंडी खालपर्यंत पोचूच देत नाही. जिथे हिम कमी पडतो तिथे असा साठा टिकत नाही. जास्त हिम पडतो म्हणून पाणी गोठत नाही, हे मला अजूनही नवल वाटतं.

पातळी वरखाली होते, उताराकडे पाणी हळूहळू सरकतं, आणि वाटेत मोठी भेग आडवी आली की तिच्यात उतरून तळाला जातं. हेल्हाइम हिमनदीच्या वरच्या अंगाला अशा भेगा आहेत. थोडक्यात दादा, तुमचं सगळं शास्त्र तिथे लागू, फक्त खडकच वितळू शकतो.

साठा किती, तर पहिला अंदाज १४० अब्ज टन पाणी असा होता.

व्हॉल्व्हमन (ठाणे)

थांबा, हिशेब करू द्या. १४० अब्ज टन म्हणजे १४० घन किलोमीटर. एक टीएमसी २.८३ कोटी घनमीटरचा. आले ४,९४० टीएमसी. कोयना १०५. म्हणजे ४७ कोयना भरून पाणी बर्फाच्या पोटात, आणि २०११पर्यंत कुणाला पत्ता नाही?

निळं_बर्फ (नेरुळ)

काका, पहिला अंदाज म्हटलं ना, ते विसरू नका. तो ७०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र धरून होता. पुढे विमानातल्या रडारने क्षेत्र आखलं ते २२,०००च्या आसपास भरलं. म्हणजे कोयनांची संख्याही त्या मानाने खाली आणा. तरीही लहान नाही.

रडारला ते इतकं स्पष्ट दिसतं कारण कोरडा बर्फ रडारच्या लहरींना जवळजवळ पारदर्शक असतो आणि पाण्यावरून लहर जोरात परतते. बर्फाखाली पुरलेली तळीही अशीच सापडली आहेत. उन्हाळ्यातलं तळं वरून गोठतं, त्यावर हिम पडतो, खाली पाणी तसंच. साध्या फोटोत पांढरं मैदान, रडारमध्ये तळं. त्यातली काही तर भर हिवाळ्यात, वर काहीही वितळत नसताना, रिकामी झालेली दिसली आहेत.

ऐरोली_लोकल

माझा स्वार्थी प्रश्न. ऐरोलीला खाडीच्या बाजूला फ्लॅट बघतोय. या कोयना एकदम फुटल्या तर पार्किंग कोणत्या मजल्यावर घ्यावं?

निळं_बर्फ (नेरुळ)

साधारण ३६० अब्ज टन पाणी समुद्रात गेलं की जगभरची पातळी एक मिलिमीटर वाढते. १४० जरी धरले तरी ०.४ मिलिमीटर. पार्किंग कुठेही घ्या. (पावसाळी नाला कुठून जातो ते मात्र बघून घ्या.)

पण ग्रीनलँड अख्खं वितळलं तर सात मीटरच्या वर, आणि अंटार्क्टिका साधारण ५८ मीटर. अर्थात ते शतकानुशतकांचं काम. शिवाय ही वाढ सगळीकडे सारखी नसते. एवढा बर्फ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राला आपल्याकडे ओढून धरतो. तो कमी झाला की ग्रीनलँडजवळची पातळी उलट खाली जाते आणि ते पाणी लांब पसरतं. लांबमध्ये आपण येतो. विषुववृत्ताच्या आजूबाजूच्या किनाऱ्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडं जास्तच येतं.

येऊरचा_बिबट्या

म्हणजे तिकडचा बर्फ वितळणार आणि तिकडचा समुद्र खाली जाणार, आणि बोंब इकडे? वा रे न्याय.

उत्तराखंडात २०२१ला झालं ते हेच ना? बर्फातलं पाणी फुटून?

बोअरवेलवाला (कळवा)

नाही. ७ फेब्रुवारी २०२१ला चमोलीत खडक आणि बर्फ मिळून कडाच कोसळला होता. सरोवर फुटलं ते सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक, ऑक्टोबर २०२३. तेही मोरेनमागे (हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या बांधामागे) अडलेलं पाणी, बर्फात मुरलेलं नव्हे. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गल्लत नको.

खारघर_टेकडी

पाणी गोठत नाही हे एक वेळ मान्य. आता पुढचं. खाली खडक, मध्ये पाणी, वर किलोमीटरभर बर्फ. मग घसरगुंडी झाली की. जितकं वितळेल तितका बर्फ वेगाने समुद्रात. बरोबर?

निळं_बर्फ (नेरुळ)

२००२मध्ये बऱ्याच जणांना तसंच वाटलं होतं. ज्वाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलँडच्या बर्फावरच्या स्विस कॅम्प या संशोधन तळावरची मोजणी छापली: उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की बर्फाचा वेग वाढतो. मोजणी बरोबरच होती. पण पुढे नैऋत्य ग्रीनलँडमध्ये, जिथे बर्फ जमिनीवरच संपतो, तिथली मोठी नोंद पाहिली तर वितळणं जवळजवळ दीडपट झालं आणि बर्फाचा वेग मात्र सुमारे १२ टक्के घटला. १९८५ ते ९४ आणि २००७ ते १४ या दोन काळांची तुलना आहे ही.

खरी मेख पाण्याच्या प्रमाणात नाही, दाबात आहे. मोसमाच्या सुरुवातीला तळाशी वाटा अरुंद असतात. पाणी तुंबतं, दाब चढतो, बर्फ थोडा उचलला जातो, वेग वाढतो. मग वाहणारं पाणी घर्षणाच्या उष्णतेने आपली वाट रुंद करतं आणि बोगदे तयार होतात. बर्फ त्यांना सतत आवळत असतो आणि पाणी सतत वितळवत असतं. रॉथलिसबर्गर या शास्त्रज्ञांनी १९७२मध्ये याचं समीकरण मांडलं.

त्यातला चमत्कारिक भाग असा, की बोगद्यातून जास्त पाणी वाहायला लागलं की स्थिरावल्यावर त्यातला दाब कमी होतो. म्हणून मोठा बोगदा आजूबाजूच्या लहान वाटांतलं पाणी आपल्याकडे ओढतो. तळ कोरडा पडत जातो आणि बर्फ मंदावतो.

व्हॉल्व्हमन (ठाणे)

आमच्याकडे नेमकं उलटं. पाइपचा व्यास ठरलेला. जास्त पाणी रेटायचं तर जास्त दाब द्या, नाहीतर घोडबंदरच्या शेवटच्या टाकीला पोचत नाही. वाहता वाहता स्वतः रुंद होणारा पाइप मिळाला असता तर निम्मी नोकरी सुखात गेली असती.

एक सांगा, हे बोगदे उताराने जातात ना? खालचा खडक तर खाचखळग्यांचा असेल. खळगा आला की पाणी तिथेच अडणार.

निळं_बर्फ (नेरुळ)

काका, तुम्हाला हे एका वाक्यात कळेल: पाणी एचजीएलने जातं, जमिनीच्या उताराने नाही. दाब बर्फाच्या जाडीवर, त्यामुळे बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार खडकाच्या उतारापेक्षा सुमारे दहापट जोर लावतो. पृष्ठभाग कडेकडे उतरत असेल तर तळाचं पाणी खडकाचा चढ चढून पलीकडे जातं.

व्हॉल्व्हमन (ठाणे)

कळलं! दाबाखालची लाइन आहे ती, नाला नव्हे. मग टेकडी चढणारच.

काळाखट्टा

एचजीएल म्हणजे?

बोअरवेलवाला (कळवा)

लाइनवर ठिकठिकाणी उभ्या नळ्या लावल्या तर प्रत्येकीत पाणी जिथवर चढेल ती टोकं जोडणारी रेघ. ती जिकडे उतरते तिकडे पाणी जातं, मधला पाइप कसाही वरखाली गेलेला असो.

येऊरचा_बिबट्या

अंटार्क्टिकातही असंच का? आपलं मैत्री संशोधन केंद्र आहे तिकडे. बर्फाखालच्या व्होस्टोक सरोवराचंही ऐकलंय.

निळं_बर्फ (नेरुळ)

तिकडचा मामला वेगळा. अंटार्क्टिकाच्या तळाचं पाणी बहुतांशी वरून आलेलं नाही. ते तळाशीच वितळतं: पृथ्वीच्या पोटातली उष्णता, सरकणाऱ्या बर्फाचं घर्षण, आणि जाड बर्फ वरची थंडी अडवतो म्हणून. शिवाय दाबामुळे वितळबिंदूही खाली येतो. व्होस्टोकवर जवळजवळ चार किलोमीटर बर्फ आहे, तिथलं पाणी उणे तीनच्या आसपास असूनही द्रव आहे. लांबी अडीचशे किलोमीटर. रशियनांचं ड्रिल फेब्रुवारी २०१२मध्ये ३,७६९ मीटरवर तिथे पोचलं.

ही तळी कायमची बंद असतात असा समज होता. २००७मध्ये हेलन फ्रिकर यांनी उपग्रहाच्या लेझरने मोजलं तर बर्फाचा पृष्ठभाग काही ठिकाणी काही मीटर खचलेला, काही ठिकाणी फुगलेला. खाली एक तळं रिकामं होऊन दुसरं भरत होतं.

ग्रीनलँडमध्ये तर २०१४ला याहून अचाट घडलं. उत्तरेकडच्या एका तळाच्या सरोवरातलं ९ कोटी घनमीटर पाणी दहा दिवसांत बर्फ खालून फोडून वर आलं. खालून वर! नेहमीच्या मॉडेलांत पाणी वरून खाली जातं, एवढंच धरलेलं असतं.

मैत्री शिर्माकर ओअॅसिसमध्ये, म्हणजे बर्फ नसलेल्या उघड्या खडकाळ पट्ट्यात आहे, १९८९पासून. तिथलं प्रियदर्शिनी तळं मात्र साधं, उघड्या खडकावरचं. केंद्राला पाणी तिथूनच मिळतं.

खारघर_टेकडी

एकूण काय, बर्फ पाणी जिरवतो, साठवतो, बोगदे काढून वेगही आटोक्यात ठेवतो. मग एवढी ओरड कशाला?

निळं_बर्फ (नेरुळ)

कारण जिरवायची जागा बंद होत चालली आहे. इथे जरा सविस्तर लिहिते, मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

जुलै २०१२मध्ये काही दिवस ग्रीनलँडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर वितळणं झालं. पाणी फर्नमध्ये मुरलं आणि गोठलं. आधी पातळ पातळ पापुद्रे होते, ते एकमेकांना चिकटून सलग लादी झाली. अशा लाद्या एक मीटरपासून सोळा मीटरपर्यंत जाड मोजल्या आहेत. तिच्याखाली तीस-चाळीस मीटर कोरडं, पोकळ फर्न शिल्लक असतं, पण वरचं पाणी तिथे पोचू शकत नाही. पुढच्या उन्हाळ्यात साधंसंच वितळलं तरी पाणी लादीवरून वाहत कडेला जातं.

मॅकफेरिन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये हिशेब मांडला: २००१पासून या लाद्यांमुळे जिथून पाणी वाहून जातं ते क्षेत्र सुमारे पाव हिश्श्याने वाढलंय. लादी व्हायला एक-दोन वाईट उन्हाळे पुरतात. ती खाली दबून वर पुन्हा जाड, मोकळं फर्न साठायला कित्येक थंड वर्षं लागतात, आणि तशी सलग थंड वर्षं आता मिळत नाहीत.

आणि खारघरकर, वेगाचं ते संतुलन जमिनीवर संपणाऱ्या बर्फाचं. समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांना त्याचा फार आधार नाही. तरंगत्या बर्फाची तर गोष्टच निराळी. २००२च्या सुरुवातीला अंटार्क्टिकातल्या लार्सन बी या तरंगत्या बर्फाच्या पट्ट्याचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर भाग काही आठवड्यांत चुरा झाला. त्याआधी त्यावर शेकड्यांनी तळी होती. पाण्याने भरलेल्या भेगांचं गणित तेच, पहिल्या प्रतिसादातलं.

बोअरवेलवाला (कळवा)

शहरात पेव्हर ब्लॉक बसवले की आमच्या पुनर्भरणाचं हेच होतं. खाली मुरायला जागा असते आणि पाणी गटारात.

व्हॉल्व्हमन (ठाणे)

ताई, शेवटचा प्रश्न. मीटर कुठं बसवलाय? शेवटी बाहेर किती आलं हे मोजल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

निळं_बर्फ (नेरुळ)

पश्चिम ग्रीनलँडमध्ये कांगरलुसुआक गावाच्या पुलापाशी वॉटसन नदीवर आहे. बर्फाखालून आलेलं पाणी तिथे वर्षानुवर्षं मोजलं जातंय. जुलै २०१२च्या पुराने त्या पुलाचा भाग तुटला आणि एक लोडर वाहून गेला, व्हिडिओ आहेत. पण हे एका खोऱ्याचं झालं. समुद्रात संपणाऱ्या हिमनद्यांचं पाणी पृष्ठभागाच्या शेकडो मीटर खाली बाहेर पडतं. ते गोडं, हलकं, म्हणून हिमनदीच्या तोंडाशी उसळून वर येतं आणि गाळामुळे तपकिरी पट्टा दिसतो. त्यावरून अंदाज बांधतात.

एकूण वजन मात्र वेगळ्या पद्धतीने मिळतं. २००२ ते २०१७ ग्रेस उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातला फरक मोजत होती, २०१८पासून तिची वारस ग्रेस-एफओ मोजते. ग्रीनलँड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास घटतंय. बर्फ कमी झाला तो त्यात येतो. पण आत मुरून राहिलेलं पाणी ग्रेसला बर्फासारखंच वजनाचं दिसतं, त्यामुळे ते वेगळं काढता येत नाही.

व्हॉल्व्हमन (ठाणे)

म्हणजे टाकीचं वजन कळतं, आत किती गोठलेलं आणि किती वाहतं ते नाही. मग त्यासाठी रडार आणि ड्रिल. बरं. वॉटसनचे रोजचे आकडे सगळ्यांना बघायला मिळतात का? २०१२चा विसर्ग तासागणिक लावून बघायचा आहे.

निळं_बर्फ (नेरुळ)

मिळतात. फाइल विपुत (विचारपुशीत) पाठवते. आकडे घनमीटर प्रति सेकंदात आहेत, क्युसेक तुम्ही करून घ्या.